तेरा-अकराची चाल

जैमिन मला पहिल्यांदा भेटला, तेव्हा मी त्याच्या पायांचं चोरून शूटिंग करत होते.

ऐकायला कसंतरीच वाटतं, पण दोष माझा नव्हता. आमच्या ॲनिमेशनच्या वर्गाला पिनाकीनभाईंनी अभ्यास दिला होता — रस्त्यावरचा एक अनोळखी माणूस निवडा, त्याची चाल मोबाइलवर टिपा, आणि त्याचं एक पाऊल पडायला किती फ्रेम लागतात ते मोजून आणा. एका सेकंदात चोवीस फ्रेम, म्हणजे चोवीस चित्रं. साधारण माणसाचं पाऊल बारा फ्रेमचं. पळत्या माणसाचं आठाचं, पेन्शन घेऊन बँकेतून निघालेल्या आजोबांचं विसाचं. मला असलं मोजायला मनापासून आवडतं. चित्रांचं मात्र विचारू नका. मी काढलेली गाय लोकांना सोफा वाटते.

दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. साबरमतीच्या काठावर कोवळं ऊन पडलं होतं आणि माझ्यापुढे दहा पावलांवर एक उंच मुलगा चालला होता. निळा स्वेटर, काखेत कागदांची भली मोठी गुंडाळी. मी मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर धरला आणि वाकून त्याच्या मागे निघाले. तो थांबला की मी थांबायचे, तो निघाला की मी निघायचे. पुलापाशी तो एकदम वळला.

"बेन, माझ्या चपलेला काही चिकटलंय का?"

"न... नाही. तुम्ही चाला ना. चालत राहा."

"घरचेही मला हेच सांगतात," तो म्हणाला. "पण ते शूटिंग करत नाहीत."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण अभ्यास अर्धा टाकायची मला सवय नाही. "अजून पाच पावलं हवी होती," मी म्हणाले. "चहा पाजीन."

"पूर्ण की अर्धा?"

"अर्धा."

"मग अडीच पावलं."

शेवटी तो पाचही पावलं चालला. कॉलेजच्या दाराबाहेरच्या टपरीवर, इथल्या भाषेत कितलीवर, आम्ही चहा घेतला, आणि चहा निवेपर्यंत मी मोबाइलवर एकेक फ्रेम पुढे ढकलत मोजत बसले. दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं.

"तुमचा डावा पाय तेराचा आहे," मी म्हणाले, "आणि उजवा अकराचा. असं कसं?"

त्याचा कप ओठांपाशी थांबला. अगदी थोडा वेळ — सहा फ्रेम असतील.

"चप्पल तुटलीय," तो म्हणाला.

मी खाली पाहिलं. चप्पल कोरी करकरीत होती. तो पायावर पाय टाकून बसला होता; तळव्याला किमतीचं स्टिकरसुद्धा तसंच दिसत होतं. मी, झंखना, समोरच्याची चूक दिसत असून गप्प बसले, याचं माझं मलाच नवल वाटलं.

अर्ध्या तासाने तोच मुलगा आमच्या वर्गात येऊन बसला. कॉलेजची भावनगरची शाखा बंद झाली होती आणि तिथली चार मुलं आमच्याकडे आली होती, त्यातला तो एक. मी वहीत डोकं खुपसलं. तो मुद्दाम माझ्या बाकाशी थांबला. "बेन, जागा आहे का? पाय आत घेऊन बसतो. फुकट शूटिंग नको."

शेवटच्या वर्षाची फिल्म दोघांनी मिळून करायची परवानगी असते. पिनाकीनभाईंनी जोड्या स्वतः लावल्या. "झंखनाला वेळ कळतो, चित्र येत नाही," ते म्हणाले. "जैमिनला चित्र येतं, पण त्याची फिल्म दीड मिनिटाची सांगून सात मिनिटांवर जाते. आंधळ्या-पांगळ्याची जोडी लावून टाकू."

वर्ग हसला. जैमिन सगळ्यांत मोठ्याने हसला. मात्र सगळ्यांच्या मागून, किंचित उशिरा.

अट एकच होती. नऊ जानेवारीला परीक्षकांपुढे ॲनिमॅटिक दाखवायचं. ॲनिमॅटिक म्हणजे फिल्मचा कच्चा आराखडा. साधी पेन्सिलची चित्रं ठरलेल्या वेळाने एकामागून एक लावायची, वर तात्पुरते आवाज भरायचे. खरं काम सुरू करण्याआधी फिल्म उभी राहते की कोसळते, ते त्यात कळतं. पास झाली तर जोडी मे महिन्यापर्यंत एका टेबलावर. नापास झाली तर जोडी मोडायची आणि प्रत्येकाने आपापली एक मिनिटाची फिल्म करायची.

नोव्हेंबरात मला ही अट फक्त नियम वाटली होती. डिसेंबर उजाडेपर्यंत तिची धास्ती वाटायला लागली, आणि ती फिल्मसाठी नव्हती. खरं सांगते, त्या टेबलासाठी होती.

कारण त्या टेबलावर मजा होती. जैमिनला बसून चित्र काढताच येत नसे. आधी ते करून बघायचा. पतंग कापला गेलेला मुलगा, गॅलरीतून ओरडणारी काकू, उन्हात अंग ताणणारी मांजर, सगळं तोच. तात्पुरते आवाजही आम्हीच काढले. स्कूटर तो, चिमण्या मी. माझ्या चिमण्या ऐकून तो म्हणाला, "झंखनाबेन, या चिमण्यांना ताप आलाय."

"बेन म्हणू नकोस मला."

"का? अमदावादेत सगळ्यांना बेन म्हणतात. भाजीवालीला, कलेक्टरला..."

"मी भाजीवाली नाही आणि कलेक्टरही नाही."

"मग तू कोण?"

मी त्याला रबर फेकून मारलं.

फिल्मची कल्पना माझी होती. उत्तरायण म्हणजे आमच्याकडची पतंगांची संक्रांत. त्याआधी रायपूर दरवाज्याबाहेर रस्त्याच्या कडेने मांजा रंगवणारे खांब रोवतात. दोन खांबांमध्ये पांढरा दोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत वेढे देऊन ताणतात, आणि बोटांना पट्ट्या गुंडाळून, हातात काचेच्या पुडीची गुलाबी लगदी घेऊन माणसं दोऱ्याच्या कडेकडेने चालत राहतात. दिवसभर, इकडून तिकडे. आमच्या फिल्ममध्ये एक मुलगा आणि एक मुलगी एकाच दोऱ्यावर काम करतात. तो इकडून निघतो, ती तिकडून. मध्यावर क्षणभर समोरासमोर येतात, बघतात, पुढे जातात. एवढीच गोष्ट.

जैमिनने चौसष्ट चित्रं काढली. त्यात डोळेच डोळे! खाली झुकलेले, हळूच उचललेले, चोरून मागे वळलेले. नजरेला किती फ्रेम द्यायच्या ते मी ठरवलं. पहिली आठ, दुसरी बारा, शेवटची पूर्ण चोवीस. आम्ही स्वतःवरच बेहद्द खूश होतो.

"आता खऱ्या माणसांना दाखवून बघा," पिनाकीनभाई म्हणाले. "आपल्या वर्गाला सगळंच कळतं. त्याचा उपयोग नाही."

म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी, आम्ही लॅपटॉप घेऊन रायपूर दरवाज्याला गेलो. नूरबानूबेन आणि त्यांचे यजमान यासीनभाई तिथे तेवीस वर्षं मांजा रंगवतात. दोघं जेवायला बसले होते. मी रंगाच्या उलट्या डब्यावर लॅपटॉप ठेवला आणि फिल्म लावली. नूरबानूबेन चपातीचा घास हातात धरून शेवटपर्यंत बघत राहिल्या. मग इतक्या हसल्या, की यासीनभाईंनी त्यांना पाण्याचा तांब्या दिला.

"चित्रं फार सुंदर आहेत रे बेटा," त्या जैमिनला म्हणाल्या. "पण हे दोघं पहिल्याच दिवशी बोटं कापून घेणार."

"का?" आम्ही दोघं एकदम.

"अगं, हातात काच आहे. वर बघायचं नाही! बघितलं की गेलंच बोट. तेवीस वर्षं झाली, कामावर असताना मी यांचं तोंड बघितलेलं नाही."

"त्यातच सुख आहे," यासीनभाई पुटपुटले.

चौसष्टपैकी एकेचाळीस चित्रांमध्ये डोळे होते. एवढा खटाटोप करून मुसळ केरात! आणि हातात उरले होते बारा दिवस. जैमिन डोक्याला हात लावून फुटपाथवर बसला.

मी मात्र हट्टाला पेटले. "मग समोरून कोण येतंय ते तुम्हाला कळतं कसं?"

"दोरा सांगतो ना." नूरबानूबेननी हात धुतले. "यांचं कशावरून बिनसलं असलं, की मला दोऱ्यावर आधी कळतं, घरी मागाहून. तिकडे जाऊन उभी राहा. कोरा दोरा आहे, काच नाही लावलेली. डोळे मीट. आणि तू रे, या खांबापासून दोरा धरून चालत ये."

मी पलीकडच्या खांबाशी गेले. दोरा चिमटीत धरला आणि डोळे मिटले. आधी काहीच नाही. रिक्षांचे भोंगे, कुणाच्या तरी कढईतला तेलाचा वास, पाठीवर ऊन. मग चिमटीत काहीतरी हललं. अगदी बारीक. ठक्... ठक्. ठक्... ठक्. एक लांब, एक आखूड.

तेरा-अकरा. तेरा-अकरा.

रस्त्याने शंभर माणसं चालत होती, पण हा तोच होता. डोळे मिटून, साठ फुटांवरून, मी त्याला ओळखलं होतं. आणि तेव्हाच मला दुसरंही काहीतरी कळलं, जे मी महिनाभर टेबलाच्या नियमाखाली झाकून ठेवलं होतं. हा मुलगा मला हवा होता. मे महिन्यापर्यंत नव्हे, नुसताच हवा होता.

मध्येच तो थांबला. दोरा गप्प झाला. मी डोळे उघडले, तर तो अर्ध्या वाटेवर उभा राहून माझ्याकडे बघत होता... हसत नव्हता.

आणि मी काय करावं? मी ओरडले, "जैमिन! सापडली फिल्म!"

कितलीवर पोचेपर्यंत मी एकटीच बोलत होते. डोळे नकोतच. ती खाली मान घालून चालणार, आणि त्याला त्याच्या पावलांवरून ओळखणार. प्रेक्षकांनाही नुसती दोऱ्याची थरथर दाखवायची. मात्र त्यासाठी मुलाची चाल हजारांत वेगळी हवी. "तुझी चाल दे त्याला," मी म्हणाले. "तेरा-अकरा."

जैमिनने कप खाली ठेवला. "नाही."

"का नाही?"

"तो हीरो आहे, झंखनाबेन."

"मग?"

"मग त्याला माझा पाय द्यायचा? पडद्यावर, दहा फूट मोठा करून, सगळ्या वर्गासमोर?" त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "नऊ वर्षांचा होतो. उत्तरायणाला कटलेल्या पतंगामागे धावताना गच्चीवरून पडलो. दोनदा ऑपरेशन झालं. तेव्हापासून मी दारात आलो की आधी सगळ्यांना पुढे जाऊ देतो. सगळ्यांना वाटतं, काय संस्कार आहेत मुलाचे! संस्कार नाहीत गं. शेवटी चाललं की मागून कुणी बघत नाही. पहिल्यांदा बघितलंस ते तू. तेही मोबाइल घेऊन."

मी काय बोलायला हवं होतं ते मला आज कळतं. तेव्हा मात्र उचलली जीभ, लावली टाळ्याला. "पण फिल्मसाठी ते फार छान आहे," मी म्हणाले.

"फिल्मसाठी," तो म्हणाला. चहाचे पैसे ठेवले आणि निघून गेला. त्याला पाठमोरं जाताना बघायचं नाही, म्हणून मी मान खाली घातली. बघण्याचा हक्क आपण आत्ताच गमावला, असं वाटलं.

चार दिवस तो टेबलावर आला नाही. मी एकटी बसून जुन्याच चित्रांची जुळवाजुळव करत होते. माना खाली घालून बघितल्या, नजरा कापून बघितल्या. आंधळ्या-पांगळ्याच्या विनोदाला तो मोठ्याने हसला होता ते रोज आठवायचं, आणि रोज स्वतःला चार शिव्या द्यायचे. दोनदा त्याला 'माफ कर' असं लिहिलं आणि खोडलं. तिसऱ्यांदा लिहून पाठवलं: 'फिल्मसाठी नाही म्हणायचं होतं मला. चाल नको देऊस. आपण दुसरं काही करू, नापास झालो तरी चालेल. तू टेबलावर ये.'

उत्तर आलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी टेबलावर चिमटा लावलेले चोवीस कागद होते. वरच्या कागदावर एक ओळ: 'झंखना, मोजून घे.'

बेन नव्हतं.

मी कागद अंगठ्याखाली धरून भरभर सोडले. पेन्सिलचा तो मुलगा चालायला लागला. डावा पाय उचलला गेला, जरासा रेंगाळला, टेकला. उजवा लगबगीने त्याच्या मदतीला आला. लंगडणं नव्हतं त्यात, लपवणंही नव्हतं. एखाद्याची सही असते तशी ती त्याची चाल होती. तेरा आणि अकरा, एक फ्रेम इकडे नाही की तिकडे नाही. आणि उचललेल्या पायातल्या चपलेच्या तळव्याला त्याने किमतीचं स्टिकर रेखाटलं होतं.

म्हणजे त्या दिवशी मी पाहिलं होतं, हे त्याने पाहिलं होतं. मी हसले आणि त्याच वेळी डोळे पुसले. मागे वळले, तर तो दारात उभा होता.

"बरोबर आहे का?" त्याने विचारलं.

"बरोबर आहे."

"सगळं?"

"स्टिकर जरा मोठं झालंय," मी म्हणाले. मग आम्ही कामाला लागलो, कारण सातच दिवस उरले होते.

प्रत्येक शॉटचा एक तक्ता करावा लागतो. दर फ्रेमला एक ओळ, दर पात्राला एक रकाना. कुठल्या फ्रेमला कोण काय करतं ते त्यात लिहायचं. मुलाचा रकाना जैमिन भरायचा, मुलीचा मी. शेवटच्या शॉटचा तक्ता त्याने माझ्याकडे सरकवला, तेव्हा त्याच्या रकान्यात पहिल्या ओळीत लिहिलं होतं 'थांबतो', आणि तिथून खालपर्यंत सरळ रेघ. दोरा गप्प होतो. माझा रकाना कोरा होता.

"ती काय करते?" मी विचारलं.

"ते मला कसं माहीत असणार?" तो पेन्सिलला टोक काढत म्हणाला. मान वर केली नाही. "तुझा रकाना आहे. तू लिही."

मी तीन दिवस पेन घेऊन त्या रकान्यापुढे बसले. वर्गात कुणाच्याही फिल्ममधल्या मांजरीच्या जांभईला किती फ्रेम लागतील ते मी सांगत असे. इथे शब्द उमटेना. लिहिलं आणि त्याने ते फक्त फिल्मसाठी घेतलं तर? किंवा फक्त फिल्मसाठी घेतलं नाही तर?... शेवटी तिथे मी एक राखाडी पाटी लावली, 'चित्र बाकी'.

नऊ तारखेला खोलीतले दिवे मालवले. पिनाकीनभाई, आमचे विभागप्रमुख आणि बडोद्याहून आलेल्या इलाक्षीबेन असे तीन परीक्षक होते. मागे सगळा वर्ग. पडद्यावर दोन खांब उभे राहिले, दोरा ताणला गेला आणि कुणी कुणाकडे बघितलं नाही. मुलीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या बोटांत दोरा थरथरला. ठक्... ठक्. ठक्... ठक्. दुसऱ्या वेळेला मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "आला." जैमिनने अंधारात माझ्याकडे पाहिलं. प्रेक्षकांना पाऊल ओळखू आलं होतं.

मग दोरा थांबला. राखाडी पाटी आली. दिवे लागले.

"पुढे काय?" इलाक्षीबेननी विचारलं. "तो थांबला, हे आम्हाला कळलं. मुलगी काय करते? हे ठरल्याशिवाय काम सुरू करू देणार नाही मी. शेवट माहीत नसलेल्या फिल्मा मी खूप बघितल्यात, त्या पुऱ्या होत नाहीत."

मी जैमिनकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला. "ते माझ्या रकान्यात नाही, इलाक्षीबेन. मुलाला जेवढं सांगायचं होतं, तेवढं त्याने सांगितलंय."

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. उत्तर मला ठाऊक होतं. रायपूर दरवाज्याला दोरा गप्प झाला त्या दुपारपासून ठाऊक होतं. मी नुसती ओरडून वेळ मारून नेली होती.

"ती दोरा सोडून देते," मी म्हणाले. "हातातली लगदी खाली ठेवते. आणि चालत त्याच्यापर्यंत जाते."

"किती वेळ?"

"माहीत नाही."

पिनाकीनभाईंनी चष्मा काढला. "झंखनाला वेळ माहीत नाही? अरे, आजची तारीख लिहून ठेवा कुणीतरी!"

वर्ग खदखदून हसला. इलाक्षीबेनसुद्धा हसल्या. "पास," त्या म्हणाल्या. "पण ती चाल मला मोजलेली हवी. मनाने काढू नका. सोमवारी खरी चालून, शूट करून, तक्ता भरून आणा."

रविवारी सकाळी आम्ही पुन्हा रायपूर दरवाज्याला. उत्तरायण तीन दिवसांवर आलेलं. रस्ता गुलाबी झालेला, फिरक्यांचे ढीग, माणसांना पाय ठेवायला जागा नाही. नूरबानूबेन आम्हाला बघून कपाळावर हात मारून म्हणाल्या, "धंद्याच्या दिवशी माझे खांब हवेत तुम्हाला? पाच मिनिटं देते. वर एक मिनिट मागू नका."

मी माझा मोबाइल जैमिनच्या हातात दिला. "त्या खांबाशी उभा राहा. माझे पाय दिसले पाहिजेत. लाल बटण दाब आणि खूण कर."

"पायांचं शूटिंग मला शिकवू नकोस," तो म्हणाला. "माझ्यावर झालेलं आहे."

मी फिल्ममधल्या मुलीसारख्या बोटांना पट्ट्या गुंडाळल्या आणि खांबाशी जाऊन दोरा धरला. खाली मान घातली. ठक्... ठक्, तो पलीकडे निघाला. ठक्... ठक्. मग दोरा थांबला. मान वर केली, तर त्याने हात हलवला होता.

मी दोरा सोडला आणि निघाले. एक, दोन, तीन... पावलं मोजायची ठरवली होती, सातपर्यंत मोजल्याचं आठवतं. पुढे माझं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं आणि आकडे सांडले. तो मोबाइल छातीशी धरून उभा होता. माझ्या पायांकडे बघतच नव्हता.

मी त्याच्यासमोर पोचले. इतकी जवळ, की त्याच्या स्वेटरला लागलेला गुलाबी रंग दिसत होता.

"आलं का नीट?" मी विचारलं.

त्याने मोबाइलकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा मोबाइलकडे. "बटण..." तो म्हणाला, "दाबायचं राहिलं."

"जैमिन! तुला एक काम दिलं होतं!"

"तू येत होतीस ना," तो म्हणाला. "माझ्याकडे असं समोरून कुणी चालत आलेलं मी कधी बघितलं नव्हतं. म्हणजे, आले असतील. मी कधी थांबून बघितलं नव्हतं." तो थांबला. "झंखना... तू फिल्मसाठी आलीस?"

या खेपेला जिभेने घात केला नाही. "नाही," मी म्हणाले. "मला तू आवडतोस. तुझ्या तेरासकट, अकरासकट. फिल्म नापास झाली असती तरी मी चालत आले असते. जरा उशिरा आले असते एवढंच."

माझ्या बोटांना गुंडाळलेली पट्टी सैल झाली होती, ती तो नीट बांधत बसला. किती फ्रेम लागल्या ते मोजलं नाही मी.

"झाली का तुमची फिल्म?" पलीकडून नूरबानूबेन ओरडल्या. "का खांब लिहून देऊ तुमच्या नावावर?"

"नाही झाली!" जैमिन ओरडला. "पुन्हा घ्यावं लागणार!"

दुसऱ्यांदा मध्ये सायकल आली. तिसऱ्यांदा मलाच हसू फुटलं. चौथ्यांदा कुठे नीट जमलं. पाच मिनिटांची पंचवीस झाली होती, आणि यासीनभाई चहा मागवून आमच्याकडे पाठ करून निवांत बसले होते.

कॉलेजात येऊन आम्ही टेबलावर एका लॅपटॉपपुढे बसलो आणि मी फ्रेम मोजायला घेतल्या. जैमिन माझ्या रकान्यात आकडे लिहीत होता. पहिली पावलं बारा, बारा, बारा. मधली अकरा, दहा. मग नऊ. शेवटची चार आठाची.

त्याची पेन्सिल थांबली. "आठ म्हणजे पळणं ना?"

"हो."

"मग शेवटी तू पळत आलीस!"

"फ्रेम खोटं बोलत नाहीत," मी म्हणाले. "लिही मुकाट्याने."

त्याने लिहिलं. आणि ती तर माझी चौथी खेप होती. पहिल्या खेपेला किती पळाले, ते मोजायला फ्रेमच नव्हत्या.